रशियात चौथं वर्ष, वॉर्ड सुरू होतोय: पेशंट बघायचे की रूमवर बसून एफएमजीई करायची?

प्रश्न बराच लांब होता, आधी बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मुलगी आपल्या इंदूरचीच, राजेंद्रनगरची. रशियातल्या एका मेडिकल युनिव्हर्सिटीत तिसरं वर्ष आटोपून सुट्टीत घरी आलीये, सप्टेंबरपासून चौथं, म्हणजे आता रोज हॉस्पिटल. रशियन दूध-भाजी आणण्यापुरतं येतं पण पेशंटसमोर उभं राहिलं की तोंडातून शब्द फुटत नाही. सीनियर मंडळी सांगतात वॉर्डात काही शिकवत नाहीत, हजेरी लावायची, रूमवर यायचं आणि एफएमजीईचे, म्हणजे बाहेरून शिकून आलेल्यांना भारतात डॉक्टरकीसाठी द्यावी लागते त्या परीक्षेचे, ऑनलाइन लेक्चर लावून बसायचं. तर वेळ कुठे घालू, सुट्टीत इंदूरला एखाद्या हॉस्पिटलात ऑब्झर्वरशिप, म्हणजे डॉक्टरांच्या मागे उभं राहून नुसतं बघणं, केली तर चालेल का, आणि शेवटी एक लहानसा प्रश्न, स्टेथोस्कोप इथून नेऊ का तिथे घेऊ.

माझ्याबद्दल एवढंच की मीही रशियातूनच शिकून आलो, हीच स्क्रीनिंग टेस्ट देऊन इथे पुढे मेडिसिन केलं, आणि आता बरीच वर्षं इंदूरमधल्या एका टीचिंग हॉस्पिटलात आहे. बाहेरून शिकून आलेले इंटर्न दरवर्षी युनिटला येतात, त्यामुळे तिथे काय केलं की इथे काय होतं हे समोर दिसत असतं. तू मला सर म्हटलंयस आणि माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून सरळ तू म्हणतोय.

तू विचारलंस वॉर्ड की परीक्षा. मला तुझं सगळं लिहिलेलं वाचून वाटतं की खरी अडचण लाजेची आहे. अनोळखी माणसासमोर, अर्धवट भाषेत, ग्रुपमधल्या बाराजणांच्या देखत चुकायची लाज. आणि सीनियरचा सल्ला म्हणूनच गोड लागतो, कारण रूमवर लॅपटॉपसमोर बसलं की लाज वाटायचा प्रसंगच येत नाही. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाहीये, सगळ्यांचंच असं असतं, पण प्रश्न नीट ओळखला नाही तर मग तू टाइमटेबल बनवत बसशील आणि टाइमटेबलमध्ये काही बिघडलेलंच नाहीये.

आता कशावर काय अवलंबून आहे ते आधी सांगून टाकतो. मी लिहितोय ते रशिया धरून. किर्गिझस्तान, कझाकस्तानच्या मोठ्या शहरात पण रशियन चालतं, तिथल्या मुलांना बरंचसं लागू होईल. जॉर्जियात पेशंट जॉर्जियन बोलतात, ती भाषा वेगळी, लिपी पण वेगळी. बांगलादेशात गेलेल्यांचं सगळंच वेगळं, तिथले आजार आपल्यासारखेच आहेत. शिवाय एकाच देशात, एकाच युनिव्हर्सिटीत सुद्धा एका विभागाचे सर मुलांना पेशंटपाशी घेऊन जातात आणि दुसऱ्या विभागात क्लासरूममध्येच दोन तास बसवून सोडतात, हे मी नाकारत नाही. तुझे सीनियर खोटं बोलत नाहीयेत. ते जे बघून आले ते सांगतायत, फक्त त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

का पटत नाही ते बघ. एफएमजीईचा पेपर ३०० मार्कांचा, १५० आले की पास, दोन भाग, निगेटिव्ह मार्किंग नाही. हे तुला माहितीये. पण ते ३०० कुठून येतात ते कधी नीट बघितलंयस का? अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेम, पॅथॉलॉजी, मायक्रो, फार्मा, फॉरेन्सिक मिळून १००. उरलेले २०० क्लिनिकलचे, त्यात कम्युनिटी मेडिसिनचे ३० धरले आहेत. एकट्या मेडिसिनचे ३३, सर्जरीचे ३२, गायनॅक-ऑब्सचे ३०, पीडियाट्रिक्स, डोळे आणि ईएनटी प्रत्येकी १५. म्हणजे परीक्षेचा मोठा हिस्सा त्याच विषयांचा आहे ज्यांच्या वॉर्डात तू पुढची तीन वर्षं रोज सकाळी जाणारेस. आणि आजकालचे प्रश्न "अमुक एन्झाइम कुठलं" असे सुटे कमी, "पन्नास वर्षांचा माणूस, दोन तासांपासून छातीत दुखतंय, ईसीजी असा, पुढे काय करशील" असे जास्त. ज्यानं असा माणूस कॉटवर झोपलेला बघितलाय त्याला प्रश्न वाचताना चित्र दिसतं, बाकीच्यांना चार पर्याय दिसतात. निकाल वीस टक्क्यांच्या मागेपुढे घुटमळतो, आणि लेक्चर तर जवळजवळ सगळ्यांनीच विकत घेतलेली असतात, हेही लक्षात घे.

दुसरं कायद्याचं. नोव्हेंबर २०२१ पासून एनएमसीचे, म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशनचे, जे नियम लागू झाले त्यात तू बसतेस, कारण तू त्यानंतर गेलीस. कोर्स किमान ५४ महिन्यांचा, शिकवणं इंग्रजीतून, त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत, त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणीला लायक असणं, मग भारतात परत १२ महिने इंटर्नशिप, आणि हे सगळं अॅडमिशनपासून १० वर्षांच्या आत. कुठकुठल्या विषयांचं क्लिनिकल ट्रेनिंग झालं पाहिजे त्याची यादीसुद्धा नियमांतच आहे. प्रॅक्टिकल आणि क्लिनिकल ऑनलाइन केलेलं धरत नाहीत, युद्धामुळे युक्रेनमधून परत आलेल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना म्हणूनच इथे एकाऐवजी दोन वर्षांची इंटर्नशिप करावी लागली. तेव्हा वॉर्डाची हजेरी, लॉगबुक, कुठल्या विभागात किती आठवडे, यातलं जे काही सही-शिक्क्याचं मिळेल ते त्या त्या वेळी घेऊन ठेव, सहाव्या वर्षी देकानातच्या, म्हणजे डीन ऑफिसच्या, खिडकीशी उभं राहून चौथ्या वर्षाचे कागद काढायला गेलीस तर जीव जाईल. तुझ्या युनिव्हर्सिटीत १२ महिन्यांच्या इंटर्नशिपचं नक्की काय आहे तेही आत्ताच लेखी विचार. एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नकोस.

बरं, आता मुद्द्याचं, वॉर्डात जाऊन करायचं काय. कारण नुसतं जाऊन भिंतीला टेकून उभं राहायचं असेल तर सीनियर बरोबर आहेत, रूमच बरी.

तिथे चौथ्या वर्षापासून सायकल पद्धत असते, एक विषय धरला की सलग काही दिवस तोच, मग दुसरा, आणि प्रत्येक विषयाचं हॉस्पिटल गावाच्या वेगळ्या टोकाला. या सायकलमध्ये रोज एक पेशंट घे. एकच. दहा नको. सरांचा क्लास संपला की बाकीचे गर्देरोबमध्ये, म्हणजे कोट ठेवायच्या खोलीत, कोट घ्यायला पळतात, तेव्हा तू अर्धा-पाऊण तास मागे थांब आणि एका पेशंटपाशी बस. नाव, वय, काय होतंय, कधीपासून, आधी काय झालं होतं, कुठल्या गोळ्या चालू, घरी कोण आहे. मग डोक्यापासून पायापर्यंत तपास. मग संध्याकाळी रूमवर त्याच आजारावर आपल्या इकडच्या पुस्तकातून वाच आणि त्याच आजारावरचे एफएमजीईचे प्रश्न सोडव. लेक्चर बघायचंच असेल तर त्या दिवशी त्याच आजाराचं बघ. हार्ट फेल्युअरची आजी सकाळी बघितली, तिच्या पायाच्या सुजेत बोट दाबून खड्डा पडलेला बघितला, मानेची शीर फुगलेली बघितली, आणि रात्री हार्ट फेल्युअरचं लेक्चर लावलं तर ते लेक्चर परत बघावं लागत नाही. हेच लेक्चर सहाव्या वर्षी, पेशंट न बघता, दीडच्या स्पीडवर लावलं तर तीनदा बघूनही गळून जातं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे खरं तर, वॉर्ड आणि परीक्षा हे दोन वेगळे अभ्यास समजायचे नाहीत, सकाळचा पेशंट हाच रात्रीचा धडा.

आता भाषा. तुला वाटतंय आधी रशियन सुधारेल मग पेशंटशी बोलेन. तसं होत नाही, उलटं होतं. आणि चांगली बातमी अशी की पेशंटला विचारायची वाक्यं फार थोडी असतात आणि रोज तीच असतात. "श्तो वास बेस्पकोइत" म्हणजे काय त्रास होतोय, "ग्द्ये बलीत" म्हणजे कुठे दुखतं, "पकाझीत्ये पाल्त्सम" बोटानं दाखवा, "काक दाव्नो" केव्हापासून. तपासताना "दिशीत्ये" आणि "नि दिशीत्ये", श्वास घ्या, धरून ठेवा. "ल्याख्त्ये ना स्पीनू" म्हटलं की पाठीवर झोपतात. हे तू एका आठवड्यात घडाघडा म्हणशील. अडतं ते उत्तर समजण्यात, कारण पेशंट पुस्तकासारखं बोलत नाही, तो त्याच्या सुनेपासून सुरू करतो. म्हणून प्रश्नांपेक्षा उत्तरात येणारे शब्द पाठ कर: कश्येल खोकला, मक्रोता कफ, अदीश्का दम लागणं, अत्योकी सूज, तश्नीत मळमळ, स्लाबस्त अशक्तपणा, दाव्लेनिये प्रेशर. एवढे शब्द कानाला पकडता आले की मधलं सुनेचं पुराण सुटलं तरी हिस्ट्री मिळते. उच्चार मी कानाला ऐकू येतो तसा लिहिलाय, स्पेलिंग तुझ्या पुस्तकात बघून घे.

सुरुवात म्हाताऱ्या बायकांपासून कर. बाबुश्का मंडळींना वेळ असतो, भेटायला येणारं कोणी नसतं बऱ्याचदा, प्रेशर आणि हृदयाच्या दुखण्यासाठी भरती असतात, आणि त्या तुझं रशियन सुधारून देतात, तेही रागावून नाही, कौतुकानं. भारतातून आलीये म्हटलं की राज कपूर नाहीतर मिथुन निघतोच, आता ती पिढी कमी होत चाललीये पण अजून भेटतात. पूर्ण नावानं हाक मार, म्हणजे पेशंटचं नाव आणि तिच्या वडिलांचं नाव, नीना इवानोव्हना वगैरे. आपल्याला हे सोपं जायला पाहिजे, आपल्याकडे मधलं नाव वडिलांचंच असतं. नर्सबाईंना पण तसंच. वॉर्डाची मुख्य नर्स प्रोफेसरपेक्षा जास्त कामाची, तिच्याशी नीट राहिलीस तर इंजेक्शन, आयव्ही, ड्रेसिंग, कॅथेटर हे सगळं हातानं करायला तीच देते.

तपासणीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथे तुमच्याकडे एक मोठी गोष्ट असते आणि मुलं ती तिथेच टाकून येतात. रशियन शाळेत हातानं तपासायची फार जुनी आणि कडक शिस्त आहे. बीपी मोजताना आपण जे आवाज ऐकतो ते १९०५ साली सेंट पीटर्सबर्गला निकोलाय कोरोत्कोव्हनं सांगितले. तिसऱ्या वर्षी प्रोपेडेव्टिक्समध्ये, म्हणजे पेशंट तपासायला शिकवतात त्या विषयात, तुला फुफ्फुसाच्या सीमा बोटानं ठोकून काढायला लावल्या असतील, कुर्लोव्हच्या पद्धतीनं लिव्हर मोजायला लावलं असेल, पोटाचं खोल पाल्पेशन, म्हणजे हातानं दाबून तपासणं, ओब्राझ्त्सोव्ह आणि स्त्राझेस्को या जुन्या डॉक्टरांच्या क्रमानं. तेव्हा कंटाळा आला असणार, सोनोग्राफी असताना हे कशाला. बेटा, इंदूरच्या बाहेर तासभर गेलीस, धारकडे नाहीतर झाबुआकडे, की रात्री दोन वाजता सोनोग्राफी हाताशी नसते, आणि ज्याचा हात तयार आहे तो इंटर्न प्लुरल इफ्युजन, म्हणजे फुफ्फुसाभोवती साठलेलं पाणी, ठोकून सांगतो. असे इंटर्न माझ्या युनिटला आलेत, रशियातूनच शिकलेले, आणि इथल्या मुलांनी त्यांच्याकडून शिकलंय. जे रूमवर राहिले ते पण आलेत. एमसीक्यूचं उत्तर पटकन देतात आणि स्टेथोस्कोप छातीवर ठेवायला गेले की कुठे ठेवायचा ते ठरत नाही.

अडचण एकच आहे की नावं वेगळी पडतात. तिथे श्चोत्किन-ब्लूमबर्ग म्हणतात ते आपलं रिबाउंड टेंडरनेस, पोटावरचा दाबलेला हात एकदम उचलला की दुखणं. कमरेत मागे हलकं ठोकून बघतात तो पास्तेर्नात्स्की, आपण रीनल अँगल टेंडरनेस म्हणतो. एफएमजीईत रशियन नाव कोणी विचारणार नाही, व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तुझे सर इंग्रजी नाव घेणार नाहीत. म्हणून एक वही कर, मधोमध रेघ मार, डावीकडे तिथलं, उजवीकडे इथलं. लक्षणं, औषधं, आणि मुख्य म्हणजे लॅबचे आकडे. हे आकड्यांचं प्रकरण मुलं हलक्यात घेतात. तिथे शुगर मिलिमोलमध्ये येते, ५.५ दिसलं तर १८ नं गुण, ९९ होतं. क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये, त्याला ८८.४ नं भाग, म्हणजे ९० म्हणजे आपलं १ च्या आसपास. बिलिरुबिनला १७.१ नं भाग. हिमोग्लोबिन तिथे १२० लिहितात ते आपलं १२. ताप ३८ म्हणजे १००.४. तिथून आलेला इंटर्न पहिल्या आठवड्यात शुगर ११० बघून क्षणभर घाबरतो, आणि ते ठीकच आहे, पण इमर्जन्सीत तो क्षण लांबायला नको. औषधांचंही तसंच, तिथे अॅनाल्जिन सर्रास देतात, नो-श्पा म्हणजे आपलं ड्रोटाव्हेरिन. वहीत लिहीत जा.

इस्तोरिया बलेझ्नी, म्हणजे केस हिस्ट्री. प्रत्येक मोठ्या सायकलला एक लिहून द्यावीच लागते, आणि सगळ्यांना माहितीये की टेलिग्रामवर सीनियरची जुनी फाइल असते, नाव-वय बदललं की झालं. मी तुला एवढंच सांगतो की सहा वर्षांत तुझ्या हातात येणारं सगळ्यात चांगलं शिकवणीचं साधन हेच आहे आणि तेच मुलं कॉपी करून टाकतात. नीट लिहायची म्हटली तर तिच्यात तक्रारी, आजाराचा इतिहास, आयुष्याचा इतिहास, प्रत्येक सिस्टिमची तपासणी, तात्पुरतं निदान, मग तपासण्या, मग बाकीची कुठली निदानं का नाहीत याचं कारण, मग उपचार आणि रोजच्या नोंदी, सगळं असतं. ते "का नाहीत" हे पान म्हणजे डिफरन्शियल डायग्नोसिस, आणि पूर्ण वैद्यकशास्त्र त्या एका पानात आहे असं म्हटलं तरी चालेल. स्वतःच्या पेशंटवर लिही, आधी इंग्रजीत लिही हवं तर, मग सरांकडे घेऊन जा आणि हे पान बरोबर आहे का विचार. जे सर क्लासमध्ये कंटाळून शिकवतात तेच सर, स्वतःचा पेशंट घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला अर्धा तास देतात. पन्नास कॉप्या वाचून तेही वैतागलेले असतात ना.

ग्रुपचं काय करायचं हे तू विचारलं नाहीस पण तेच आड येणार आहे. सगळे भारतीय, ज्याला रशियन येतं तो एकटा बोलतो आणि बाकीचे त्याच्या मागे उभे, आणि कोणी पुढे झालं की "आली मोठी डॉक्टरीण" म्हणून हसणार. त्यांच्याशी भांडू नकोस, त्यांना सुधारायला पण जाऊ नकोस. एक मैत्रीण शोध जी थांबायला तयार आहे, दोघी मिळून एक पेशंट घ्या, एकीनं विचारायचं, दुसरीनं लिहायचं, दुसऱ्या दिवशी उलट. लाज दोघीत वाटली जाते. आणि वॉर्डात फोटो नाही, रील तर अजिबात नाही. हल्ली बघतो मी, एप्रन घालून पेशंटच्या कॉटशेजारी व्हिडिओ. पेशंटची गोपनीयता तिथेही कायद्यानं आहे आणि इथेही, हकनाक नाव खराब होईल.

सुई टोचली तर लपवायचं नाही, ताबडतोब धुवायचं आणि सांगायचं, हिपॅटायटिस बीचे तीन डोस झाले नसतील तर आत्ता सुट्टीत सुरू कर. पहिला आणि दुसरा महिन्याच्या अंतरानं होतात, तिसरा सहाव्या महिन्यात, तो तिथे घे.

तुझ्या सुट्टीच्या प्रश्नाकडे येतो. ऑब्झर्वरशिप कर, जरूर कर, पण कशासाठी ते स्पष्ट ठेव. नियमाप्रमाणे ट्रेनिंगचा कुठलाही भाग भारतात झालेला चालत नाही, सगळं त्याच देशात व्हायला हवं. म्हणजे इथल्या हॉस्पिटलच्या सर्टिफिकेटची लायसन्सच्या दृष्टीनं किंमत शून्य. पैसे घेऊन "एनएमसीला चालेल असं लेटर देतो" म्हणणारे भेटतील, लांब राहा. आणि तुमच्याकडे उन्हाळ्याची जी प्रॅक्टिस असते, ती तिथे न करता इथल्या कुणाचा शिक्का नेऊन दाखवायची पद्धत पडलीये, ती माझ्या मते करू नकोस, उद्या कोणी कागद उलगडून बघितले तर कोर्सचा भाग भारतात केला असं तूच लिहून दिलेलं असेल. प्रॅक्टिस तिथे संपव मग विमानात बस.

मग ऑब्झर्वरशिप कशाला? तर शिकायला. आणि इथे एक योग फार चांगला जुळलाय, तुमची सुट्टी जुलै-ऑगस्टची आणि आपल्याकडे तेव्हा पावसाळा. जे आजार तुला रशियात तीन वर्षांत दिसणार नाहीत ते नेमके याच दिवसांत इथल्या वॉर्डात असतात. डेंग्यू सुरू होतो, मलेरिया, टायफॉइड, कावीळ, गॅस्ट्रो. शेतात पेरणी-निंदणी चालू असते म्हणून साप चावलेले येतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं आणि कोणात नसा जातात कोणात रक्त गोठत नाही, हे परीक्षेत हमखास, आणि साध्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायची टेस्ट एकदा डोळ्यांनी बघितली की जन्मभर विसरत नाही. कीटकनाशक प्यायलेले येतात, बाहुली टाचणीएवढी, तोंडाला फेस, अॅट्रोपिन चालू. आणि आपल्या माळव्यात गव्हात ठेवायची सल्फासची गोळी, तिला उतारा नाही, तरुण मुलं जातात, तेही एकदा बघशील आणि घरी येऊन जेवण जाणार नाही. टीबी वर्षभर असतोच. हे सगळं एफएमजीईत आहे आणि तुझ्या रशियन वॉर्डात जवळजवळ नाही. तेव्हा तिथे हृदय, स्ट्रोक, सीओपीडी, लिव्हर, न्यूरोची तपासणी घट्ट कर, आणि इथे सुट्टीत हे. दोन्ही मिळून परीक्षा होते.

कुठे करायची हे ओळखीवर आणि त्या त्या हॉस्पिटलच्या परवानगीवर आहे, मी नाव घेत नाही. चकचकीत कॉर्पोरेटपेक्षा जिथे गर्दी आहे तिथे बघ, घरच्यांच्या फॅमिली डॉक्टरांना विचार, एखाद्या फिजिशियनच्या मागे पंधरा दिवस सकाळच्या राउंडला उभं राहायला मिळालं तरी पुरे. मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत, वहीत लिहून राउंड संपल्यावर विचारायचे. आणि बोली ऐक. राजेंद्रनगरात वाढलेल्या आपल्या मराठी मुलांना माळवी, निमाडी, भिली बोलणारा पेशंट आला की रशियन पेशंटसारखाच परका वाटतो, हे मी दरवर्षी बघतो. "घबराहट हो री हे" म्हणणाऱ्याला धडधडतंय, का मळमळतंय, का दम लागतोय, का नुसता गॅस आहे, हे तीन-चार वेळा वेगवेगळं विचारून काढावं लागतं. तिकडे बाबुश्काच्या कॉटशी बसून हीच सवय लागते, म्हणूनही मी त्या अर्ध्या तासावर एवढा अडून बसलोय.

ऑनलाइन कोर्स घ्यायचा का, तर घे, पण आत्ता पूर्ण पॅकेज नको. चौथ्या वर्षी चालू असलेल्या सायकलचे व्हिडिओ आणि प्रश्न बँक, बस. संध्याकाळी दोन-अडीच तास मन लावून झाले तर खूप झाले, तिथे हिवाळ्यात चारलाच अंधार होतो आणि आठ तासांचं टाइमटेबल पहिल्याच महिन्यात कोसळतं. पहिल्या तीन वर्षांचे विषय शनिवार-रविवारी उजळत राहा, फार्मा आणि पॅथॉलॉजी आधी, कारण वॉर्डात तेच लागतात. कम्युनिटी मेडिसिनला तिथे वॉर्ड नाही आणि ३० मार्क आहेत, लसीकरणाचं वेळापत्रक आणि आपले राष्ट्रीय कार्यक्रम हे भारतीय पुस्तकातूनच करावं लागेल, ते पाचव्या वर्षी धरलं तरी चालेल. पूर्ण रिव्हिजन आणि टेस्ट सिरीज सहाव्या वर्षी.

आई-बाबांना पण एक सांग, माझ्याकडून सांग हवं तर. फोनवर रोज "एफएमजीईचं किती झालं" विचारू नका, "आज कुठला पेशंट बघितलास" विचारा. मराठीत सांगता आलं म्हणजे तुला कळलंय. आणि ज्या दिवशी पहिला पेशंट जाईल, म्हणजे काल ज्याच्याशी बोललीस त्याची कॉट सकाळी रिकामी दिसेल, त्या दिवशी अभ्यास सोड, मैत्रिणीबरोबर बाहेर पड, जेव, घरी फोन कर.

पहिल्या आठवड्यासाठी सामान: मेदक्निझ्का, म्हणजे तुझी मेडिकल बुक, तपासण्या आणि लसी भरून तयार ठेव, ती नसली की वॉर्डात घेत नाहीत. दोन खलात, म्हणजे पांढरे एप्रन, एक धुवायला एक घालायला, टोपी, आणि आत घालायच्या वेगळ्या चपला, पांढऱ्या, धुता येतील अशा. बाहेरचा कोट घालून वॉर्डात पाऊल टाकलंस तर नर्सबाई जे बोलेल ते पूर्ण रशियन तुला लगेच समजेल. क्लास बुडाला तर अत्राबोत्का, म्हणजे बुडालेला क्लास भरून काढणं, पटकन भर, साठवू नकोस, मे महिन्यात सगळ्यांची एकदम रांग लागते.

स्टेथोस्कोप इथूनच ने. दवा बाजारात चक्कर मार, साधा लिटमन क्लासिक पुष्कळ झाला, कार्डिऑलॉजीचा महागडा आत्ता नको, आणि घ्यायच्या आधी दुकानातच कानाला लावून स्वतःच्या छातीवर ऐकून बघ, हुबेहूब दिसणारे नकली पण मिळतात. बिल घे. बरोबर एक नी हॅमर, एक ट्यूनिंग फोर्क १२८ चा, आणि हातानं पंप करायचं बीपीचं मशीन. डिजिटल नको, त्यात कोरोत्कोव्हचे आवाज ऐकायला येत नाहीत, आणि तिथे व्हायव्हात तेच विचारतात. स्टेथोस्कोपच्या नळीवर नाव रशियन अक्षरात लिहून घे, हॉस्टेलवर एकसारखे बारा असतात.